क्रॅनिओसॅक्रल इंटरमिजिएट लेव्हल : होळीपासून दिवाळीपर्यंत वापरल्यावर

श्रीवर्धनला माझं छोटं फिजिओ क्लिनिक आहे. क्रॅनिओसॅक्रल म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीच्या द्रवाची लय हाताला जाणवते असं मानून, डोक्यापासून माकडहाडापर्यंत अगदी हलक्या स्पर्शाने करायची थेरपी. तिचा हा दुसऱ्या पायरीचा कोर्स मी होळीच्या आधी मुंबईला जाऊन केला, आता दिवाळी तोंडावर आलीये, बऱ्याच पेशंटवर वापरून झालंय आणि ओळखीतले फिजिओ सारखे विचारतात करू का म्हणून, तर सविस्तर लिहिते.

बेसिकला सॅक्रम (कमरेखालचं त्रिकोणी हाड), डायफ्रॅम (श्वासपटल), स्टिल पॉइंट (ती लय थोडा वेळ थांबवणं) एवढं होतं. इंटरमिजिएटला स्फेनॉइड (डोळ्यांमागचं हाड) आणि ऑक्सिपुट (डोक्याच्या मागचं हाड) कवटीच्या तळाशी जिथे मिळतात तिथलं टॉर्शन (पिळ), साइडबेंडिंग (एका बाजूला झुकणं), लॅटरल स्ट्रेन (आडवं सरकणं) हाताने ओळखायला शिकवतात, आणि मग तोंडाच्या आतलं काम, म्हणजे टाळू, वरचा जबडा, व्होमर (नाकाच्या मधल्या पडद्याचं हाड). अंगठे कानशिलावर, बोटं डोक्याखाली, आणि दाब पाचेक ग्रॅम, म्हणजे सोनाराकडचं अर्धा तोळा सोनं हातावर ठेवल्यावर लागतं तेवढाच. मॅन्युअल थेरपी करून हाताला जोर लावायची सवय, ती सुटायलाच मला अख्खा उन्हाळा गेला.

थिअरीबद्दल स्पष्ट बोलते. सदरलँड या अमेरिकन ऑस्टिओपॅथने (हाताने उपचार करणाऱ्या डॉक्टरने) मांडलं की कवटीची हाडं हलतात, अपलेजर या दुसऱ्या ऑस्टिओपॅथने १९७० च्या दशकात मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत ते पुढे नेलं, त्या द्रवाची लय मिनिटाला ६ ते १२ वेळा असते म्हणतात. पण एकाच पेशंटवर दोन थेरपिस्टनी मोजलं तर आकडे जुळत नाहीत हे अभ्यासांत दिसलंय, आणि स्फेनॉइड-ऑक्सिपुटचा तो सांधा विशीच्या आसपास हाड होऊन जातो. म्हणून मी पेशंटला कधीच सांगत नाही की तुमचं हाड सरकवलं.

तरी पैसे वसूल झाले असं मला मनापासून वाटतं, ते जबड्याच्या दुखण्यासाठी. जीवना बंदरावर मासळी विकणाऱ्या एक मावशी, रात्री दात खायच्या, सकाळी कान आणि कानशील ठणकायचं. ग्लोव्ह घालून करंगळी वरच्या शेवटच्या दाढेमागे नेली आणि नुसती टेकवून थांबले, आधी सगळं दगडासारखं, मग हळूहळू बोटाखाली मऊ पडलं, आणि मावशी म्हणाल्या, "ताई, कानापर्यंत सुटल्यासारखं वाटतंय." व्यायाम आणि डेंटिस्टचा नाइट गार्डही (रात्री दातांवर घालायचं कव्हर) चालू होता, त्यामुळे सगळं श्रेय याला देणार नाही. तणावाची डोकेदुखी, झोप न लागणं यातही लोकांना बरं वाटतं, मानेतून हातात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्यात मात्र मला काही खास फरक दिसला नाही.

आपल्याकडे एक गोष्ट फार महत्त्वाची. श्रीवर्धन म्हणजे रोठा सुपारी, चघळणारे घरोघरी. तोंडात बोट घालायच्या आधी पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी मावतात का बघा. मावत नसतील, गाल आतून पांढरट-ताठ लागत असेल, तिखट कालवणाने तोंडाची आग होत असेल तर ते सबम्युकस फायब्रोसिस (सुपारीने तोंडाचं आतलं अस्तर ताठ होत जाणं) असू शकतं, त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. तिथे ताणायचं बिणायचं काही नाही, सरळ डेंटिस्टकडे. एका काकांना असंच पाठवलं, तपासणीत तेच निघालं. तोंडाच्या आतलं शिकल्यामुळे मी आता प्रत्येकाचा गाल नीट बघते, माझ्या मते या कोर्सचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

लॅटेक्सची ॲलर्जी विचारा, नायट्राइल ग्लोव्ह ठेवा, मे महिन्यात लाइट गेली की ते घामाने सटकतात. डोक्याला नुकता मार, फ्रॅक्चर, मेंदूत रक्तस्राव, ॲन्युरिझम (रक्तवाहिनीला आलेला फुगा) असेल तर हात लावायचा नाही. बाळ रडतं म्हणून आया घेऊन येतात, त्यांना मी आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते, बाळांवर हे करत नाही आणि करणारही नाही.