बॉस्टनची खोली की मॉस्कोचा चाबूक?

वडिलांचं बाहेरचं प्रकरण आणि त्याचा मुलाच्या पुढच्या नात्यांवर पडलेला डाग, असा विषय वाचनकट्ट्यावर घ्यायचा म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात: आर्थर मिलरचं नाटक 'डेथ ऑफ अ सेल्समन' (१९४९) आणि रशियन लेखक तुर्गेनेव्हची लघुकादंबरी 'फर्स्ट लव्ह' (१८६०). आमच्याकडे दोन्ही झाली आहेत.

मिलरची ताकद वादातीत. गणितात नापास झालेला सेल्समनचा थोरला मुलगा बिफ बॉस्टनच्या हॉटेलात वडिलांकडे धावतो आणि खोलीत भलतीच बाई निघते. घरी आई फाटके मोजे शिवत बसलेली, नवे मोजे मात्र हिला. पण ही खोली मिलर जवळजवळ शेवटापर्यंत कुलूपबंद ठेवतो आणि मग त्या एकाच किल्लीने बिफचं अख्खं आयुष्य उघडून दाखवतो. मला तिथेच खटकतं. शिवाय बिफचं भांडण राहतं ते बापाशी. त्याच्या आयुष्यात कोणी बाई आली, टिकली, यातलं फारसं काही हाती लागत नाही. बायकांच्या मागे असतो तो धाकटा हॅपी, ज्याने ती खोली पाहिलेलीच नाही. (ही मिलरची खास नजर, मान्य.) आमची चर्चा दहा मिनिटांत मुलांच्या करिअरवर आणि घराच्या हप्त्यांवर गेली, ती परतलीच नाही. दोष कदाचित आमचाही असेल.

तुर्गेनेव्हकडे सोळा वर्षांचा व्लादिमीर जिच्यावर जीव टाकतो, त्या झिनाइदाचं त्याच्या वडिलांशीच जमलेलं असतं. मुलगा लांबून बघतो: खिडकीशी वडील तिच्या उघड्या हातावर चाबूक ओढतात आणि ती तो लाल वळ ओठांना लावते. नंतर तो विचारतो, चाबूक कुठे पडला? वडील म्हणतात, पडला नाही, फेकला.

संताप यायचा तिथे हा पोरगा बापावर भाळलेलाच राहतो. चार वर्षांनी झिनाइदा आपल्याच शहरात, पीटर्सबर्गमध्ये, असल्याचं कळूनही भेट आज-उद्या करत राहतो; जातो तेव्हा तिला वारून चार दिवस झालेले. गोष्ट सांगताना तो चाळिशीला आलाय, अजून बिनलग्नाचा. बापाचं ओझं मला इथे जास्त जाणवलं.

नाटकाचं जाहीर वाचन करायचं असेल, तर खुशाल मिलर घ्या. आमच्याकडे तुर्गेनेव्हच्या वेळी एका काकूंनी एवढंच विचारलं, नवरा गेल्यावर व्लादिमीरच्या आईने मॉस्कोला एवढी मोठी रक्कम का पाठवली असेल? त्यावर दीड तास गेला.