दंड कापून खाते उण्यात नेणारी बँक

नोकरी बदलल्यावर पगार जमा होणे थांबले, तेव्हा एका खासगी बँकेने माझ्या पगार खात्याचे साध्या बचत खात्यात रूपांतर केले आणि किमान सरासरी शिल्लक नसल्याबद्दल दरमहा दंड व त्यावर १८ टक्के जीएसटी कापायला सुरुवात केली. आगाऊ सूचना एकही आली नाही. पासबुक भरून घेतले, तेव्हा शेवटच्या ओळीत शिल्लक चक्क उणे छापलेली होती.

हे नियमाला धरून नाही. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार, जे १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले, शिल्लक कमी पडल्यास बँकेने ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे, ती भरून काढण्यास महिन्याची मुदत द्यायची, दंड तुटीच्या प्रमाणात आकारायचा आणि केवळ या दंडापायी खाते उण्यात जाऊ द्यायचे नाही.

मोबाइल अ‍ॅप उत्तम आहे, हे मान्य करायलाच हवे. शाखेत मात्र ‘सिस्टीममधूनच कापले जाते’ एवढेच उत्तर मिळाले. परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी तक्रार दिली व तिच्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घेतली, तेव्हा कुठे रक्कम जीएसटीसकट परत जमा झाली. नियम ठाऊक नसलेल्या निवृत्त खातेदाराचे काय होत असेल, याची मला खरोखर काळजी वाटते. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. ती पोच तेव्हाही उपयोगी पडते.