गेथेन ग्रह आणि सिडनीचं नोंदणी कार्यालय

उर्सुला ल ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) या कादंबरीत गेथेन ग्रहावरची माणसं महिन्यातले बहुतेक दिवस ना बाई, ना पुरुष. थोडे दिवसच शरीर एका बाजूला झुकतं, आणि कोणत्या ते आधी ठरलेलं नसतं. दोन मुलांची आई पुढे तिसऱ्याचा बाप होऊ शकते. कुणी कुणाला पुरावा मागत नाही, कारण सगळेच तसे.

स्वतःला ना बाई, ना पुरुष मानणाऱ्या सिडनीच्या नॉरी मे-वेल्बी यांच्यावर मात्र कोर्टात जायची वेळ आली. २०१० साली नोंदणी कार्यालयाकडून ‘लिंग नमूद नाही’ असा दाखला मिळाला, नंतर तो रद्दही झाला. शेवटी एप्रिल २०१४मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने सांगितलं, ‘नॉन-स्पेसिफिक’ अशी नोंद करता येते. एका रकान्यासाठी चार वर्षं! ग्रह कल्पिणं त्यापेक्षा सोपं असावं.

सर्वनामाशी गाडी दोन्हीकडे अडते. ल ग्विननी कादंबरीत सरसकट ‘तो’ वापरला. टीका झाली, मग गेथेनवरच्याच एका जुन्या कथेत १९७५ला ‘ती’ करून पाहिलं.

आपल्याकडे नपुंसकलिंगी ‘ते’ आयतं आहे म्हणावं, तर बोलताना ‘ते आलं’ म्हणजे लेकरू, मांजर, नाहीतर ज्याला हिणवायचंय तो माणूस. ‘ते आले’ म्हणजे मानाचे पाहुणे, पण पुरुषच. त्यात ‘नपुंसक’ हा शब्द तर शिवीच. नॉरींचा परिच्छेद पुन्हा वाचून बघा: क्रियापदं चुकवत चुकवतच लिहिलाय.