एचपी५ म्हणून मला कापलेली एक्स-रे फिल्म विकली, उघडा बॉक्स घेताना जपा

लार्ज फॉरमॅटवर, म्हणजे एकेक सुटी मोठी फिल्म शीट लागणाऱ्या कॅमेऱ्यावर काम करणाऱ्यांनी, विशेषतः नवीन लोकांनी, हे वाचाच.

डिसेंबरमध्ये एकाकडून ऑनलाइन इलफर्ड एचपी५ प्लस या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा ४x५ इंची बॉक्स घेतला. २५ शीटचा, दोनच वापरल्यात, बाकी फ्रीजमध्ये होत्या म्हणाला. साडेचार हजार. बॉक्स ओरिजिनल, आतली काळी पिशवीपण ओरिजिनल.

होल्डरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात लावायच्या चौकटीत, शीट भरायला चेंजिंग बॅगेत (उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) हात घातले तर कोपऱ्यातली खाचच बोटाला लागेना. अंधारात ती खाच हाच आपला आधार, शीट उभी धरून खाच उजवीकडे वर आली की इमल्शन, म्हणजे चित्र उमटणारा थर, आपल्याकडे. लगेच फोन केला तर म्हणे, "ताई, जुन्या लॉटला नॉच नसायची, कुठलीही बाजू टाका." इतक्या ठामपणे बोलला की मला माझ्याच माहितीची शंका आली. तिथेच थांबायला हवं होतं.

मग आत्याला घेऊन वाईजवळच्या मेणवलीला गेले. घाटावर ती पोर्तुगीज घंटा आहे ना, चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई जिंकली तेव्हाची, तिच्याजवळ आत्याला तिच्या लाल लुगड्यात उभं केलं, लाइट मीटर एचपी५ च्या ४०० स्पीडवर (फिल्म उजेड किती पटकन टिपते त्याचा आकडा) लावून सहा शीट काढल्या. आत्या अठ्ठ्याहत्तरची आहे, गुडघे दुखत असून पायऱ्या उतरली होती.

घरी आयडी-११ डेव्हलपर, एकास एक पाणी घालून, २० डिग्रीला १३ मिनिटं, ट्रेमध्ये. फिक्स झाल्यावर लाइट लावला आणि धस्स झालं, शीट निळसर, दवाखान्यातल्या एक्स-रेसारखी, आणि दोन्हीकडे ओरखडे. स्कॅन केलं तर लुगडं काळंठिक्कर, कपाळावरचं कुंकू म्हणजे शाईचा डाग, सावल्यांत काहीच नाही, कडा फुटलेल्या. ८x१० ची एक्स-रे शीट कापून चार तुकडे केले होते. तिला दोन्ही बाजूंनी इमल्शन असतं म्हणून तळाला घासून ओरखडे येतात, आणि लाल रंग तिला दिसतच नाही, आणि ४०० एवढा स्पीडपण नसतो.

एक्स-रे फिल्म वाईट नाही हो, स्वस्त पडते, लाल दिव्यात धुता येते, हौसेने वापरणारे कितीतरी आहेत. पण मग तेच नाव सांगून विका ना!

पैसे परत मागितले तर त्याने नंबर ब्लॉक केला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलीय, चॅट आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट जपून ठेवलेत.

उघडा बॉक्स घ्यायचाच असेल तर आधी एक शीट उजेडात काढून व्हिडिओवर दाखवायला लावा, त्या शीटचे पैसे वेगळे द्या हवं तर. खाच बघा, कडा हाताने कापल्यासारख्या आहेत का बघा, आणि शीट उलटी करायला सांगा. एचपी५ च्या दोन बाजूंचा रंग वेगळा असतो, एक्स-रेच्या दोन्ही बाजू सारख्याच. आढेवेढे घेतले तर सोडून द्या.

आत्या दर फोनला विचारते फोटो कधी दाखवतेस. सीलबंद बॉक्स मागवलाय, पुढच्या महिन्यात गुडघे बरे असले तर परत जाऊ म्हणालीये.