घाटात गाडी लागणाऱ्या मुलांसाठी: प्रोमेथाझिन की डायमेनहायड्रिनेट?

कोल्हापूरहून रत्नागिरीला, माझ्या आईकडे, आम्ही वर्षातून चार-पाचदा जातो. मलकापूरपर्यंत लेक खुशीत असते. आंबा घाट लागला की तिची बडबड थांबते, जांभया सुरू होतात आणि ओठांभोवतीचा रंग उतरतो. हे दिसेपर्यंत औषधाची वेळ निघून गेलेली असते, कारण मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी बहुतेक वेळा उलटीबरोबर बाहेर येते. म्हणून काय द्यायचं आणि किती आधी द्यायचं, हे निघण्यापूर्वीच पक्कं हवं.

एक औषध आधीच बाजूला ठेवतो. जुलाब-उलट्यांसाठी मुलांना देतात ते ओन्डॅनसेट्रॉनचं सिरप बहुतेक घरांत असतं आणि प्रवासातही तेच दिलं जातं. आम्हीही दोनदा दिलं, दोन्ही वेळा साखरप्याच्या आधी गाडी थांबवावी लागली. पोट बिघडून होणाऱ्या उलटीवर ते छान चालतं. पण गाडी लागते ती डोळे आणि कानातला तोल यांचा मेळ बसत नाही म्हणून, आणि त्यावर ते फारसं उपयोगी नाही.

उरतात दोन. प्रोमेथाझिन, म्हणजे ‘गाडी लागायची गोळी द्या’ म्हटलं की दुकानदार बहुधा काढून देतो ती. आणि डायमेनहायड्रिनेट, जे नावानं मागावं लागतं आणि प्रत्येक दुकानात असतंच असं नाही. दोन्ही मुळात अ‍ॅलर्जीच्या औषधांच्या घराण्यातली. डायमेनहायड्रिनेटचा हा गुण १९४७ च्या सुमाराला अमेरिकेत बाल्टिमोरला लक्षात आला. पित्त उठतं म्हणून ते घेणाऱ्या एका बाईला नेहमी ट्राममध्ये मळमळायचं, ते थांबलं. झोप न आणणाऱ्या नव्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या मात्र इथं कामाच्या नाहीत, कारण त्या मेंदूपर्यंत फारशा पोचतच नाहीत. तेव्हा थोडी झोप दोन्हींत येणारच. किती, यावरच माझं ठरलं.

लेक सहा वर्षांची असताना डॉक्टरांनी प्रोमेथाझिनची २५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी सांगितली होती. पहाटे पाचला ती साखरेत चुरून दिली, सहाला निघालो. सगळा घाट उतरलो, एकदाही उलटी नाही. त्या बाबतीत या औषधाला नाव ठेवायला जागा नाही. पण घरी पोचल्यावर तिला उचलून आत न्यावं लागलं. आईनं तिच्यासाठी घावणे घालून ठेवले होते, ते तसेच झाकून राहिले. दुपारी जेवायला उठवलं तर ताटासमोर मान टाकून बसली, दोन घास जेमतेम गेले. भावंडं भाट्याच्या समुद्रावर जाऊन, पायाला वाळू लावून परतसुद्धा आली. ही दिवेलागणीला उठली, भिंत धरत मोरीपर्यंत गेली आणि विचारलं, “बाबा, आपण पोचलो का?” आई दिवसभर तिच्या कपाळाला हात लावून बघत होती. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाली, “जास्त तर नाही ना दिलीस रे?” जास्त दिली नव्हती. पण दोन दिवसांसाठी आलेल्या नातीचा एक दिवस गेला होता.

पुढच्या खेपेला डॉक्टरांशी बोलून डायमेनहायड्रिनेटवर आलो. ५० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, निघण्याआधी अर्धा-पाऊण तास. याचा अंमल चार ते सहा तासांचा, म्हणजे आमच्या वाटेला पुरून उरणारा. ती मलकापूरच्या पुढे डुलकी घेते आणि हातखंब्याला जागी होऊन “आजीला फोन लाव” म्हणते. घरी आल्यावर तासभर जरा मंद असते, पण संध्याकाळी समुद्रावर सगळ्यांच्या पुढे असते. एकदा घाटात थोडं मळमळलं, उलटी झाली नाही. पकड प्रोमेथाझिनपेक्षा कदाचित किंचित सैल असेल, एका मुलीवरून मी तसं ठामपणे म्हणणार नाही.

रात्रीच्या बसनं पुण्याहून गोव्याला जायचं असेल तर मी प्रोमेथाझिनचाच विचार करेन. रात्रीची झोप तशीही हवीच असते, आणि दुसरा डोस द्यायला मुलाला मध्यरात्री उठवावं लागत नाही.

वयाच्या बाबतीत मात्र तडजोड नको. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रोमेथाझिन अजिबात देऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. डायमेनहायड्रिनेटही दोन वर्षांखाली नको. तसंही इतक्या लहानग्यांना गाडी क्वचितच लागते, त्रास जास्त दिसतो तो दोन ते बारा या वयात. दमा किंवा फिटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. सर्दीचं सिरप चालू असेल तर बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. त्यात क्लोरफेनिरामिन असेल तर ते याच घराण्यातलं, आणि झोपेवर झोप चढते.

काही मुलं या औषधांनी झोपण्याऐवजी उलट बेचैन होतात, रडरड करतात. म्हणून पहिला डोस प्रवासाच्या दिवशी नको. आम्ही आधी एका रविवारी घरीच, डॉक्टरांना विचारून, अर्धी गोळी देऊन पाहिली. ती दीड तास सोफ्यावर झोपली, उठून पाणी मागितलं आणि खाली खेळायला गेली. पुढच्या शनिवारी आम्ही रत्नागिरीला निघालो.