ठाण्यात महिन्याचं सामान कुठून भरायचं: वाणी, डीमार्ट, ॲप, जांभळी नाका की थेट तुर्भ्याचं मार्केट?

माझी भाची लग्न होऊन कासारवडवलीला राहायला आली, दोघंही नोकरीवाले, आणि दुसऱ्याच महिन्यात तिचा फोन, मावशी आम्ही दोघंच आहोत तरी आमचं किराणाचं बिल तुमच्या चार माणसांच्या घराएवढं कसं येतंय? मग मी तिला महिन्याभराची सगळी बिलं घेऊन बोलावलं, ॲपवरच्या ऑर्डरी पण काढायला लावल्या, माझी बिलं काढली आणि दोघी टेबलावर पसरून बसलो. त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहितेय, कारण घोडबंदर रोडला नवीन राहायला आलेल्या बऱ्याच जणांना हाच प्रश्न पडतो.

सगळ्यात स्वस्त असं एकच दुकान आम्हाला सापडलं नाही. डाळ एकीकडे स्वस्त, साबण दुसरीकडे, मसाला तिसरीकडे. त्यामुळे दुकान धरून नाही, वस्तू धरून बघूया.

आधी डाळ, तांदूळ, गहू, कारण बिलाचा मोठा भाग हाच असतो. इथे बहुतेक जण धरून चालतात की मॉलसारख्या मोठ्या दुकानात स्वस्त आणि वाण्याकडे महाग. पाकीटबंद घेतलं तर ते बऱ्याचदा खरं असतं, पण सुट्या डाळीचं गणित वेगळं आहे. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या डाळ, तांदूळ, पिठाला ५ टक्के जीएसटी लागतो, पोत्यातून सुटं मोजून दिलं तर लागत नाही, आणि २५ किलोच्या वरच्या पोत्यालाही लागत नाही. शिवाय वाण्याकडे तूरडाळीचे दोनतीन भाव असतात, फटका म्हणजे वरच्या प्रतीची वेगळी, साधी वेगळी, आणि आपण एकाची साधी डाळ दुसऱ्याच्या चांगल्या डाळीशी ताडून बघतो आणि म्हणतो हा लुटतोय. तांदळाचंही तसंच, नवा कोलम स्वस्त मिळतो पण भात चिकट होतो, जुना महाग असतो पण फुलतो आणि वाटीभर कमी लागतो. म्हणून भाव विचारताना कुठली डाळ, नवा की जुना तांदूळ हे विचारल्याशिवाय तुलना करूच नका.

आणि वाण्याचा एक फायदा बिलात दिसत नाही. पूर्ण महिन्याची यादी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि म्हणा, काका सगळं तुमच्याकडून घेते, भाव लावून सांगा. एकेक वस्तू घ्यायला गेलात तर एमआरपी लावेल, यादीवर मात्र बहुतेक जण भाव सोडतात. डाळ शिजली नाही तर परत घेतो, पोरगा घरी आणून देतो, आणि अर्धा किलोच हवं असेल तर अर्धा किलोच देतो. दोन माणसांच्या घरात हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. भाचीने ऑफर बघून ५ किलो पीठ आणलं, दोघंही दुपारी ऑफिसच्या कँटीनला जेवतात, पावसाळ्यात पिठाला वास लागला आणि निम्मं टाकून दिलं, म्हणजे ऑफरमध्ये वाचले त्याच्या कितीतरी पट गेले.

तेलाबद्दल एकच सांगते पण ते नीट वाचा. पिशवी लिटरची दिसते म्हणून लिटरचीच असेल असं नाही. १ लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, पण बाजारात आता ८५०, ८७० ग्रॅमच्या पिशव्याही आहेत, आकार तोच, रंग तोच, फक्त आकडा बारीक अक्षरात. पाच रुपये स्वस्त दिसली म्हणून उचलली तर प्रत्यक्षात महाग पडते. डब्याचंही तेच, १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा एक नाही, १५ लिटरमध्ये साधारण साडेतेरा किलोच तेल असतं. ठाणे स्टेशनजवळच्या जांभळी नाक्याच्या बाजारात डब्याचा भाव विचारताना आधी लिटर का किलो ते विचारा, मग रुपये.

हाच नियम सगळ्याच पाकिटांना. समजा ४५० ग्रॅमचं पाकीट ९९ ला आणि १ किलोचं १९९ ला, तर छोटं स्वस्त वाटतं पण ते किलोला २२० पडतं. पाकिटावर एमआरपीच्या जवळ ग्रॅमचा किंवा किलोचा भावही छापलेला असतो, तो छापणं आता बंधनकारक आहे, तेवढा आकडा बघायची सवय लावली तरी खूप झालं. मोठं पाकीट नेहमी स्वस्तच असतं असंही नाही हं, चहा पावडर आणि कपड्यांच्या पावडरीत मी उलटं पण बघितलंय, कारण ऑफर कधी मधल्याच साइजवर असते.

साबण, टूथपेस्ट, शॅम्पू, भांड्यांचा साबण, बिस्किटं, फिनेल, या ब्रँडच्या वस्तूंना मात्र डीमार्ट. यात क्वालिटीचा प्रश्न नाही, तीच वस्तू एमआरपीपेक्षा कमीत मिळते आणि लवकर खराब होत नाही. दोन महिन्यांचं एकदम आणलं तरी चालतं. एक लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शॅम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय, त्यामुळे त्याच्या आधीच्या बिलाशी तुलना करून हे दुकान स्वस्त झालं असं समजू नका, ते सगळीकडेच कमी व्हायला हवं.

अशा दुकानातला धोका भावात नाही, ट्रॉलीत आहे. आम्ही भाचीच्या बिलावर पेन घेऊन बसलो आणि यादीत नसलेल्या वस्तूंना खुणा केल्या, तर खुणाच जास्त झाल्या. स्टीलचा डबा, दोन टीशर्ट, चिप्स, पायपुसणं, सगळं स्वस्तच होतं, पण लागत काहीच नव्हतं. त्यात ती रविवारी संध्याकाळी नवऱ्याला घेऊन जायची, रिक्षाचे जाण्यायेण्याचे पैसे, ट्रॅफिक, वर बाहेर पडलोच आहोत तर जेवूनच येऊ. हे सगळं धरलं तर साबणावर वाचलेले पन्नाससाठ रुपये कुठल्या कुठे जातात. ऑफिसवरून येताना मधल्या वारी एकटीने, कागदावरची यादी घेऊन, ट्रॉली न घेता हातातली बास्केट घेऊन गेलं की बिल आपोआप आटोक्यात राहतं, हे मी स्वतः कित्येक वर्षं करतेय.

आता दहा मिनिटवाली ॲप्स, ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट वगैरे. वस्तूचा भाव तिथे नेहमी महाग असतो असं मी म्हणणार नाही, कधी कधी वाण्यापेक्षा कमीही असतो. पैसे जातात ते खालच्या ओळींमध्ये, हँडलिंग, डिलिव्हरी, छोट्या ऑर्डरचा चार्ज, पावसाचा चार्ज. समजा १८० रुपयांच्या सामानावर असे ३५ रुपये लागले तर ते जवळपास २० टक्के झाले, एवढा फरक कुठल्याच वाण्याच्या भावात नसतो. आणि फ्री डिलिव्हरीसाठी अजून साठ रुपयांचं टाका असं दिसलं की आपण आईस्क्रीम टाकतो, मग वाचलं काय? भाचीच्या महिन्यात २३ ऑर्डरी निघाल्या. तेवीस! मीठ संपलं म्हणून एक, कोथिंबिरीसाठी एक. तिच्या बिलाचं उत्तर खरं तर इथेच होतं, डाळतांदळात नव्हतं.

पैसे भरायच्या आधी पूर्ण बिल उघडून बघा. एका ॲपवर माझ्या बिलात देणगी आणि टिप आधीच जोडलेली होती, मी न बघता दोनतीनदा भरली पण. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ प्रकारच्या फसव्या डिझाइनवर नियमावली काढलीये, आपण न निवडलेली गोष्ट बिलात टाकणं आणि शेवटच्या स्क्रीनपर्यंत चार्ज लपवणं हे दोन्ही त्यात आहे. तक्रार करायची असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, दुकानदाराने एमआरपीच्या वर पैसे घेतले तरी तिथेच सांगता येतं. तरीही ॲप पूर्ण बंद करा असं मी सांगणार नाही, जुलैच्या धो धो पावसात घरात कोणी आजारी असताना पस्तीस रुपये काहीच नाहीत.

भाजी पटकन सांगते. ॲपवर भाव अर्ध्या किलोला लिहिलेला असतो आणि बिल्डिंगखालचा भाजीवाला पावाचा भाव सांगतो, वीस रुपये पाव म्हणजे ऐंशी रुपये किलो, दोन्ही आधी किलोवर आणा. स्टेशनवरून येत असाल तर जांभळी नाक्याला उतरत्या संध्याकाळी भाव पडतात, तलावपाळीवरून चालत पाच मिनिटं. पण फक्त भाजीसाठी कासारवडवलीहून तिथे येणं परवडत नाही. आणि नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या घाऊक भाजी मार्केटचं नाव ऐकून जाऊ नका, तिथला स्वस्त भाव गोणीचा असतो, चार घरं मिळून वाटून घेणार असाल तरच.

तुर्भ्याला जायचं ते मसाल्यासाठी आणि वर्षाच्या धान्यासाठी. मुंबईतला घाऊक व्यापार तिकडे हलला तेव्हापासून मसाला, धान्य, कांदाबटाटा, फळं, भाजी अशी पाच मार्केटं तिथे आहेत. मसाला मार्केटमध्ये किलो दोन किलोसुद्धा देणारे बरेच गाळे आहेत, मिरची, धणे, हळकुंड, दगडफूल, तमालपत्र, काजूबदामसुद्धा. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने तुर्भे आणि पुढे रिक्षा, गाडी न्यायची गरज नाही. रविवारी जाऊ नका, मार्केट बंद असतं. मार्च एप्रिलमध्ये नवी मिरची आलेली असते आणि ऊनही असतं, म्हणजे आणून दोन दिवस वाळवून डंकावर कुटून आणता येते. पहिल्याच गाळ्यावर घेऊ नका, मिरची हातात घेऊन बघा, देठ किती, आतून काळी पडलीये का, दमट आहे का, कारण दमट मिरची वजनात महाग पडते आणि वाळली की कमी भरते. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी लवंगी किंवा संकेश्वरी, प्रमाण आपापल्या घरचं. पाकिटातल्या तयार मसाल्याशी तुलना केली तर सगळ्यात जास्त पैसे मला इथेच वाचलेले दिसतात, आणि चवीचं तर बोलायलाच नको.

गव्हाचं मात्र सांभाळून. एका वर्षी मी ५० किलो गहू भरला, नीट वाळवला नाही, ऑगस्टमध्ये पोरकिडे झाले आणि पंधरा किलो फेकावे लागले. आता दिवाळीपर्यंत पुरेल एवढाच भरते, कडकडीत ऊन देते, एरंडेलाचा हात लावून कोठीत ठेवते. वन बीएचकेमध्ये कोठी ठेवायला जागा नसेल, गॅलरीत ओल येत असेल, तर वर्षाचं धान्य भरायच्या भानगडीत पडू नका, महिन्याला वाण्याकडून पाच पाच किलो घ्या.

म्हणजे चार पाच माणसांचं घर, जागा आहे, दुपारी घरी कोणीतरी असतं, तर वर्षाचा मसाला आणि पावसाळ्यापुरतं धान्य तुर्भ्याहून, बाकी डीमार्ट दोन महिन्यांतून एकदा. नौपाडा, चरई, कोपरीकडे राहत असाल तर जांभळी नाका हाताशी आहे, तिथल्या घाऊक दुकानात भाव विचारल्याशिवाय दुसरीकडे जाऊच नका. दोघंच असाल आणि दोघंही बाहेर, तर सुटं धान्य वाण्याकडून, ब्रँडच्या वस्तू डीमार्टमधून, आणि ॲप आठवड्यातून एकदाच.

भाचीने फ्रिजवर कागद लावलाय, काही संपलं की त्यावर लिहायचं आणि शनिवारी एकच ऑर्डर करायची. गेल्या महिन्यात तिच्या ऑर्डरी २३ वरून ५ वर आल्या. वाण्याचं खातंही उघडलंय. मसाल्यासाठी एप्रिलमध्ये ती एक दिवस सुट्टी टाकणार आहे, आम्ही दोघी सकाळच्या लोकलने तुर्भ्याला जाऊ, तिची दोन किलो आणि माझी पाच किलो मिरची, आणि कुटायला माझ्याकडेच, कारण तिच्या बाजूला डंक नाहीये.