क्रोमोली म्हणून फर्निचरचा पाइप गळ्यात मारला

दिवाळीपासून एक जुनं बुलेटचं इंजिन घरात पडून आहे, त्याच्यासाठी फ्रेम स्वतःच बनवायचं खूळ डोक्यात शिरलं. (आरटीओचं विचारू नका, मोटार वाहन कायद्याचं कलम 52, म्हणजे गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई, ते माहितीये, गाडी मित्राच्या शेतातच फिरणार.) व्हिडिओ बघून बघून एकच ठरवलं होतं, पाइप घ्यायचा तर क्रोमोली 4130चाच (क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं मजबूत स्टील). पुण्यातली भवानी पेठ पालथी घातली, कुणी धड उत्तर देईना, शेवटी भोसरीत एका गाळ्यावर तो माणूस म्हणाला आहे ना साहेब, एक्स्पोर्टचा उरलेला माल आहे, सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा.

सव्वा इंची, 2 एमएम जाडीचा, 6 मीटरची लेंथ 4200ला. मी म्हटलं वजन करा, तर म्हणे क्रोमोली किलोवर नसतो, नगावर असतो. इथेच उठायला पाहिजे होतं राव. पण त्याने मॅग्नेट लावून दाखवला, चिकटला, "बघा ओरिजिनल", आणि मी मान डोलावली! अरे मॅग्नेट साध्या लोखंडालाही चिकटतो आणि क्रोमोलीलाही, त्यातून काय कळणार, डोंबल. जाडी मोजायचा व्हर्निअरही माझाच होता, टोकाला लावला तर बरोबर 2 आलं. टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली, त्यावर हीट नंबर (स्टीलच्या घाण्याचा नंबर) होता, पण पाइपवर कुठेच काही पंच केलेलं नव्हतं, हे माझ्या घरी आल्यावर लक्षात आलं. 3 लेंथ घेतल्या, 12,600 रोख, बिल कच्चं, त्यावर फक्त "पाइप 3 नग".

बेंडिंगला एका ओळखीच्या काकांकडे नेला. पहिल्याच बेंडला पाइप चपटला आणि शिवणीवर उभा फाटला. काकांनी आत बोट घालून बघितलं, म्हणाले, "बाळा, आत वेल्डिंगची रेघ लागतीये हाताला, सीमलेस कसला, हा तर खुर्च्या-टेबलाचा पाइप आहे." मग टोक कानशीने घासून परत मोजलं तर 1.6. चाकाच्या कटरने कापलं की कड आत वळते, मी दुकानात ती कडच मोजत होतो.

शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर तिन्ही लेंथ मिळून 21 किलो 400. हिशोब सोपा आहे, बाहेरचा व्यास वजा जाडी, गुणिले जाडी, गुणिले 0.02466, म्हणजे मीटरला किती किलो ते येतं. सव्वा इंच म्हणजे 31.75, त्यात 2 एमएम असता तर एक लेंथ 8.8 किलो भरली असती, तीन मिळून 26 किलोच्या वर. त्याला वजन का नको होतं ते तेव्हा कळलं.

तुकडा लॅबला दिला, क्रोमियम 0.8 ते 1.1 टक्के पाहिजे, निघालं नावापुरतं. रिपोर्ट घेऊन गाळ्यावर गेलो तर "तुम्ही कापलाय, कापलेला माल परत नाही, आणि क्रोमोली मी कुठे लिहून दिलं?" खरंच नव्हतं लिहून दिलं.

वाईट याचं वाटतं की क्रोमोलीची गरजच नव्हती. काका म्हणाले कंपनीच्या कित्येक गाड्यांच्या फ्रेम वेल्डेड ट्यूबच्याच असतात, फक्त ग्रेड आणि जाडी नीट पाहिजे. आणि ताठपणा साध्या स्टीलचा आणि क्रोमोलीचा जवळपास सारखाच, क्रोमोलीत ताकद जास्त एवढंच. आता साधा ऑटोमोबाइल ग्रेडचा, आयएस 3074 या भारतीय मानकाचा पाइप घेतलाय, पक्क्या बिलावर ग्रेड लिहून, काट्यावर तोलून. लेंथ 8 किलो 750 भरली. काकांचे बेंडिंगचे पैसे अजून द्यायचेत.